परफॉर्मन्स पॅकेज घ्यावं का? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होटगी रोडला माझं टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं दुकान आहे. दिवसभर येतात त्या स्विफ्ट, इनोव्हा आणि देवदर्शनाच्या टेम्पो ट्रॅव्हलर. पण अलीकडं महिन्यातून दोन-तीन गाड्या अशा येतात, ज्यांना रॅम्पवर चढवायच्या आधी चाकांखाली फळ्या टाकाव्या लागतात, नाहीतर पुढचा बंपर खालून घासतो. मालक म्हणजे कुणी टॉवेलच्या कारखान्यातली तिसरी पिढी, कुणी डॉक्टर, एक द्राक्षवाले बागायतदार. चहा येईपर्यंत गप्पा होतात आणि प्रश्न ठरलेले असतात. पुण्याच्या शोरूमचं कोटेशन मोबाइलवर असतं, त्यात खाली एक ओळ असते, परफॉर्मन्स पॅकेज, एवढे लाख. घ्यावं का सोडावं? तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

परफॉर्मन्स पॅकेज म्हणजे नक्की काय मिळतं?

नाव एकच, आतला माल प्रत्येकाचा वेगळा. सोलापुरी चादर म्हणून बाहेरगावी काय काय विकलं जातं ते आपल्याला माहीत आहे. इथंही चिठ्ठी वाचून भागत नाही, घडी उलगडून बघावी लागते.

फोक्सवॅगननं २०१३ मध्ये सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयला युरोपात परफॉर्मन्स पॅक दिला. त्यात पॉवर २२० ची २३० पीएस (म्हणजे घोडेच) झाली, पुढची ब्रेक डिस्क ३१२ मिलिमीटरची ३४० झाली आणि पुढच्या ॲक्सलला इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारं लॉकिंग डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग, त्याच्याबद्दल पुढं) आलं. फोर्डनं अमेरिकेत २०१५ च्या मस्टँग जीटीला जे पॅकेज दिलं त्यात पुढं सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक, मोठा रेडिएटर, पुढं कडक स्प्रिंग, मागं जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी झुकू न देणारा दांडा), टॉर्सन डिफरन्शियल आणि १९ इंची चाकं होती. पॉवर मात्र एका घोड्यानंही वाढवली नव्हती. पोर्शेच्या ७१८ केमनचं स्पोर्ट क्रोनो पॅकेज म्हणजे बरंचसं सॉफ्टवेअर: लाँच कंट्रोल, स्टिअरिंगवर मोड बदलायची चकती आणि तिच्या मधोमध एक बटण, जे दाबलं की २० सेकंद इंजिन-गिअरबॉक्स सगळ्यात तिखट मोडमध्ये जातं. बीएमडब्ल्यू एम२ ला एम ड्रायव्हर्स पॅकेज घेतलं तर टॉप स्पीडची मर्यादा २५० ऐवजी २८५ होते.

चार कंपन्या, चार अर्थ. म्हणून कुणी नुसतं 'पॅकेज घेऊ का' विचारलं की मी आधी यादी मागतो.

फार वाचायला वेळ नाही. हो का नाही ते सांगा.

यादीत डिफरन्शियल, ब्रेक किंवा जादा कूलिंग असेल तर हो. नुसती पॉवर, मोठी चाकं, पट्टे आणि सायलेन्सरचा आवाज असेल तर नको. ॲडजस्ट होणारे शॉकअप असतील, तर सोलापूरकरांनी आधी तेच घ्यावेत.

ही वाटणी मी कशावरून केली? नंतर काय बसवता येतं आणि काय येत नाही, यावरून. चाकं उद्याही मिळतील. गिअरबॉक्स उघडून आत डिफरन्शियल बसवणं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला ते ओळखायला लावणं हे आपल्याकडं कुणाच्या बापाला परवडत नाही.

दहा-पंधरा पीएस जास्त मिळतात, ते काय कमी आहेत का?

कमीच आहेत, आणि सोलापुरात तर फारच कमी. जरा हिशेब करू.

आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर. तेवढ्यानं हवेचा दाब पाचेक टक्के उतरतो. त्यात मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४३ अंशांची हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. दोन्ही मिळवा: टर्बो नसलेलं इंजिन प्रत्येक घोटात दहा टक्के कमी ऑक्सिजन पितं. भारतात २०१६ मध्ये आलेली मस्टँग जीटी पाच लिटरची व्ही८, टर्बोशिवाय, कागदावर ४०१ पीएस. अमेरिकेत हीच गाडी ४३५ हॉर्सपॉवरची होती, म्हणजे इथं येतानाच थोडं पाणी गेलं होतं. आता मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता ती सात रस्त्याला उभी आहे असं समजा. चाळीसेक घोडे सावलीत झोपलेत.

टर्बोवाली गाडी जास्त दाब देऊन हा तोटा भरून काढते, पण फुकटात नाही. दाबलेली हवा आणखी तापते, तिला गार करायचं काम इंटरकूलरचं. इंटरकूलरला बाहेरूनच ४३ अंशांची हवा मिळते, तो तिच्यापेक्षा गार कुठून करणार? आत नॉकिंगची (पेट्रोल अवेळी भडकण्याची) चाहूल लागली की कॉम्प्युटर इग्निशन मागं ओढतो आणि ब्रोशरमधले ते दहा पीएस तिथंच संपतात. तुमच्या पायाला समजतसुद्धा नाही.

म्हणून मी उलटं सांगतो. पॅकेजमध्ये मोठा रेडिएटर किंवा ऑइल कूलर असेल तर त्या रुक्ष ओळीवर पैसे घाला. तिचा फोटो ब्रोशरमध्ये नसतो, पण एप्रिल-मे मध्ये गाडी जी काही ताकद टिकवून धरते ती तिच्यामुळं.

शून्य ते शंभर ०.२ सेकंदानं कमी होतं म्हणतात. त्याचा उपयोग?

७१८ केमनचा आकडा स्पोर्ट क्रोनोशिवाय, पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह ४.९ सेकंद, पॅकेजसह ४.७. शंभरच्या वेगानं ०.२ सेकंदात गाडी साडेपाच मीटर जाते. एका इनोव्हापेक्षा थोडं जास्त. आसरा चौकाच्या सिग्नलला पुढं इनोव्हाच असते, त्यामुळं ते साडेपाच मीटर तुम्हाला मिळणारच नाहीत.

आणि वाढलेली टॉप स्पीड?

पुणे-सोलापूर हायवेला कारची मर्यादा शंभरची. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर, चार टोलनाके. पुढचा प्रश्न.

मोठे ब्रेक असले की गाडी लवकर थांबते ना?

या प्रश्नावर जरा बसून बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे.

एकदाच जोरात ब्रेक मारायचा असेल तर मोठ्या डिस्कनं फारसा फरक पडत नाही. कुठल्याही चांगल्या गाडीचे साधे ब्रेकसुद्धा चाकाला एबीएस चालू होईपर्यंत आवळू शकतात. त्यापुढं गाडी किती अंतरात थांबणार ते टायर ठरवतं. रस्ता धरून ठेवणारं टायर असतं, कॅलिपर (डिस्क आवळणारा चिमटा) नाही. गाळप हंगामात रात्री अक्कलकोट रोडला उसाची जोड ट्रॉली समोर येते, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर; त्या क्षणी तुम्हाला वाचवणार ते टायर, लाल रंगाचा कॅलिपर नव्हे. कॅलिपरचा रंग बघायला मागं कुणी नसतंही.

मग मोठे ब्रेक कशासाठी? उष्णतेसाठी. दीड टनाची गाडी शंभरवरून थांबते तेव्हा जी उष्णता तयार होते तिच्यात टपरीवरचं दोन लिटरचं पातेलं उकळीला येईल. एकदा ठीक आहे. पण घाटात किंवा ट्रॅकवर एकामागून एक असं दहा वेळा करा. वेग दुप्पट असेल तर उष्णता चौपट. मोठी डिस्क ही उष्णता पोटात घेते आणि वाऱ्यावर सोडते, म्हणून दहाव्या वेळीही पेडल पहिल्यासारखंच कडक लागतं.

मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ तुळजापूरहून घाट उतरून सरळ दुकानात आले. म्हणाले, "ओ मालक, पेडल स्पंजासारखं लागायलंय." चाक काढलं. डिस्कला निळसर झाक आली होती, पॅड करपल्याचा वास अजून येत होता. ब्रेक ऑइलच्या टाकीत टेस्टर बुडवला तर लाल दिवा, पाणी तीन टक्क्यांच्या वर. शेवटचं कधी बदललं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांच्याकडं. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू कमीत कमी २३० अंश लागतो. तेच पाणी पिऊन बसलं की १५५ पर्यंत उतरतं. घाटात ते उकळलं, वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ. त्यांचा प्रश्न होता, मोठे ब्रेक किट बसवायला किती येईल. मी ऑइल बदललं, पॅड बदलले आणि घरी पाठवलं. तेव्हापासून ते दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं मान्य करून बसलेत, किटचं नाव काढत नाहीत.

तर निकाल असा: घाट, ट्रॅक, किंवा जोरात चालवायची खरीखुरी सवय असेल तर कंपनीचे मोठे ब्रेक घ्या, ते उत्तमच असतात. फक्त पुढं पॅड आणि डिस्क बदलायच्या वेळी बिलाचा आकडा बघून दचकू नका. कार्बन सिरॅमिक डिस्कच्या वाटेला तर जाऊच नका. तिचा फायदा ट्रॅकवर आहे आणि दगड उडून टवका गेला तर रडायला सोलापुरात जागा अपुरी पडेल.

डिफरन्शियलबद्दल एवढं काय सांगता? दिसत तर काहीच नाही.

दिसत नाही म्हणूनच लोक सोडतात.

वळणात आतल्या चाकावरचा भार कमी होतो. साधं डिफरन्शियल ताकद सोपी वाट बघून पाठवतं, म्हणजे हलक्या झालेल्या त्या आतल्या चाकाकडं. ते जागेवर फिरतं, टायर किंचाळतं, गाडी पुढं जायचं सोडून बाहेर सरकते. आतलं चाक ब्रेकनं धरून ठेवायची इलेक्ट्रॉनिक युक्ती बहुतेक गाड्यांत असते आणि साध्या रस्त्यावर ती चालते, पण ती ताकद मारून काम करते, ब्रेक तापवून करते. खरं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ताकद मारत नाही, भार असलेल्या बाहेरच्या चाकाकडं वळवतं.

पावसाळ्यात ज्याला हे अनुभवायचं असेल त्यानं पुढच्या चाकांनी ओढणारी कुठलीही जोरकस गाडी घेऊन ओल्या चौकातून उजवीकडं वळताना पाय द्यावा. एक चाक फिरेल आणि पाय आपोआप उचलला जाईल. चांगलं डिफरन्शियल असेल तर पाय उचलावा लागत नाही. एवढाच फरक, पण तो रोज भेटतो. म्हणूनच माझ्या यादीत हे सगळ्यात वर.

आपल्याकडचं उत्तम उदाहरण स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २०१७ ला आलेली २३० पीएसची, आणि २०२० ला आलेली २४५ पीएसची, भारतात फक्त २०० नग. लोक बोलतात त्या वाढलेल्या १५ पीएसबद्दल. माझ्या लेखी २४५ घेण्याचं कारण तिच्यातलं इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. जुन्या बाजारात दोन्ही समोर असतील आणि दोन्हींची तब्येत सारखी असेल तर मी डोळे झाकून दुसरी उचलेन.

पॅकेजसोबत १९ इंची चाकं येतात. गाडी काय दिसते हो!

दिसते. माझाही धंदा त्याच्यावर चालतो, त्यामुळं मला तक्रार नाही.

हे गणित टायरवरच छापलेलं असतं. २२५/४५ आर १८ टायरची भिंत म्हणजे २२५ चे ४५ टक्के, १०१ मिलिमीटर. २३५/३५ आर १९ ची ८२. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये जी काही रबराची उशी आहे ती एका बोटानं कमी झाली. पाऊस झाला की जुळे सोलापुरात खड्डा कुठला आणि डबकं कुठलं हे कळत नाही. सकाळी फोन येतो, "स्टिअरिंग थरथरायलंय." चाक काढून बॅलन्सिंग मशीनवर फिरवलं की रिमच्या आतल्या कडेला एक लाट उठताना दिसते. बाहेरून चाक नवं कोरं असतं, बेंड नेहमी आतल्या बाजूला. टायरच्या भिंतीला लिंबाएवढा फुगा आलेला असेल तर तो टायर गेला. आतले दोरे तुटलेत, पंक्चरवाल्याकडं त्याला औषध नाही. मग नवा टायर पुण्या-मुंबईहून मागवायचा, आणि या मापाचा एकच मिळत नाही म्हणून जोडी घ्यायची. तोवर गाडी आमच्या शेडमध्ये, मालक स्कूटीवर.

काही पॅकेजमध्ये टायरही खास असतात. २०१८ च्या मस्टँगच्या दुसऱ्या पातळीच्या पॅकेजला फोर्डनं ३०५/३० आर १९ मापाचे मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ दिले होते. कोरड्या ट्रॅकवर त्यांना तोड नाही. पण हे टायर पकडीसाठी बनवलेत, टिकण्यासाठी नाही, आणि साचलेल्या पाण्यात त्यांच्यावर विश्वास टाकू नये. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर सरळ चालवून त्यांचा मधला पट्टा झिजवणं म्हणजे पैठणी नेसून धुणं धुण्यासारखं.

शोरूमवाला पॅकेजमधले ब्रेक ठेवून लहान चाकं देतो का, हे जरूर विचारा. मोठ्या कॅलिपरवर लहान चाक बसत नाही असं बऱ्याचदा उत्तर मिळतं आणि ते खरंही असतं. बसत असेल तर तेच घ्या.

ॲडजस्ट होणारे शॉकअप घ्यावेत का?

हो. पॅकेजमध्ये नसतील तर वेगळे पैसे देऊन घ्या.

स्पोर्ट्स कारचे शॉकअप मुळात कडक. नवा काँक्रीट रस्ता असेल तोवर मजा, पुढं गावातल्या गतिरोधकाला कंबर बोलते. इलेक्ट्रॉनिक शॉकअप एका बटणावर मऊ होतात. हायवेला कडक, गावात मऊ. आपल्या रस्त्यांवर दर पाच किलोमीटरला रस्त्याचा स्वभाव बदलतो, त्यामुळं जर्मनीतल्या माणसापेक्षा आपल्याला यांचा उपयोग जास्त. एकच सावधगिरी: काही पॅकेज गाडी दहा-वीस मिलिमीटरनं खालीही बसवतात. पोर्शेच्या ७१८ ला ॲक्टिव्ह शॉकअप घेतले की गाडी १० मिलिमीटर खाली येते. ऐकायला दहा मिलिमीटर काहीच नाही, पण तुमच्या सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकाला ते माहीत नसतं. नुसत्या कडक स्प्रिंगा असतील आणि मऊ करायचा पर्याय नसेल, तर मात्र सरळ नको म्हणा.

शोरूममधून साधी गाडी घेऊन नंतर बाहेरून हेच बसवलं तर स्वस्त पडेल ना?

टायर, पॅड, ब्रेक ऑइल: बिनधास्त. हे तर मी पॅकेज घेणाऱ्यालाही सांगतो.

बाकीचं जपून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत मालकाला मनासारखा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठणकावून सांगितलं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून पार्क चौकातून गेलात तर पोलीस काय करतात ते तुमच्या मित्रांना विचारा. इंजिनचा रिमॅप केला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, की कंपनीची वॉरंटी हातची गेली समजा. आणि अपघात झाला, सर्व्हेअर आला, त्यानं गाडीखाली वाकून बाहेरून बसवलेला एखादा भाग बघितला आणि तो पॉलिसीवर नोंदवलेला नसेल, तर क्लेमला फाटे फुटतात. कंपनीनं फॅक्टरीत बसवलेलं पॅकेज बिलावर असतं, त्यामुळं ते विम्याच्या रकमेतही येतं आणि आरटीओच्या हरकतीचाही प्रश्न नाही. पॅकेजच्या बाजूनं हा खरा मुद्दा आहे, शोरूमवाला नेमका हाच सांगत नाही.

पाच लाखांचं पॅकेज, खरं किती पडतं?

समजा पाच लाखच. हा भाग गाडीच्या किमतीत धरला जातो, त्यामुळं रोड टॅक्सही त्याच्यावर लागतो. महाराष्ट्रात वीस लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला खासगी नावावर १३ टक्के, म्हणजे ६५ हजार. फर्मच्या नावावर घेतली तर २० टक्के, एक लाख. कर्ज काढलं असेल तर पाच लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १०,३८० रुपये, त्यात व्याज सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पाच लाख म्हणता म्हणता सात लाखांजवळ गेलो, आणि वाढलेला विमा त्यात धरलेला नाही.

पाच वर्षांनी विम्याच्या तक्त्यात त्याची किंमत निम्मी. बाजार तेवढीही देईल याची खात्री नाही.

विकताना पॅकेजचे पैसे परत मिळतात का?

पूर्ण कधीच नाही. पण ज्या गाडीचा ग्राहकच शौकीन असतो तिथं डिफरन्शियल आणि ब्रेक असलेली गाडी आधी उचलली जाते. एमएच १३ पासिंगची अशी गाडी सोलापुरात विकायला बसू नका. गिऱ्हाईक पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत.

जुनी गाडी घेतोय. पॅकेज आहे असं विकणारा म्हणतो. तपासायचं कसं?

तोंडावर विश्वास ठेवू नका. माझ्या मावसभावानं परगावी एका डीलरकडून गाडी घेतली. 'परफॉर्मन्स पॅक, लॉकिंग डिफरन्शियल सगळं आहे' म्हणून दीड लाख जास्त मोजले. इथं आणून रॅम्पवर घेतली, खाली उभा राहून बॅटरी मारली, तर डिस्क साध्या आणि डिफरन्शियलचा पत्ता नाही. डीलरनं दाखवलेलं ब्रोशर परदेशातल्या मॉडेलचं होतं. पैसे परत मिळाले नाहीत, फोन उचलणंही बंद झालं.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाडीत डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो. त्यावर बारीक अक्षरांत तीन-तीन आकडी-अक्षरी कोड असतात, फॅक्टरीत काय काय बसवलं त्याची ती यादी. इतर कंपन्यांत चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी यादी मागायची. डिस्कचा व्यास टेपनं मोजता येतो. आणि पैसे द्यायच्या आधी गाडी कुठल्याही रॅम्पवर चढवा, माझ्याच असं नाही.

ट्रॅकवर जायचा विचार आहे. मग तरी घेऊ ना?

जाणार असाल तर घ्या, डिफरन्शियल-ब्रेक-कूलिंग सगळं. 'विचार आहे' आणि 'जाणार आहे' यातलं अंतर मात्र आधी मोजा. जवळ म्हणाल तर पुण्याजवळ तळेगावकडं नाणोलीचा ट्रॅक झालाय. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आपल्यापासून नऊशे किलोमीटरच्या आसपास, कोइंबतूरचा कारी हजाराच्या घरात. ग्रेटर नोएडाचा २०११ चा बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटरचा, त्याचं नावच नको. वर्षातून दोनदा जाणाऱ्यानं पॅकेज घ्यावं. पाच वर्षांत एकदा जाणाऱ्यानं चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल घालून जावं, मजा तीच येते.

पॅकेजवाल्या इंजिनाला महागडं पेट्रोल लागतं का?

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. आत लिहिलेलं असतं कमीत कमी किती ऑक्टेन आणि किती टक्के इथेनॉल चालतं. ते पाळा. त्याच्यावर जाऊन जास्त ऑक्टेन घातलं तर ज्या इंजिनाला ते वापरता येतं त्यालाच फायदा, बाकीच्यांचं फक्त बिल वाढतं.

वडील म्हणतात, पॅकेजच्या पैशात कारखान्यात जुना रॅपिअर लूम येईल. काय सांगू?

वडील बरोबर म्हणतात. लूम रोज कापड देईल. सांगायचंच असेल तर गाडी घेऊ नको असं त्यांनी कुठं म्हटलंय ते बघा, आणि पॅकेजमधली चाकं-पट्टे सोडून अर्धी रक्कम वाचवल्याचं त्यांना दाखवा. दोन घरांत हे चाललंय, तिसऱ्यात नाही.

टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय करू?

शोरूमवाला गुळगुळीत रस्त्यावर नेईल आणि एकदा पाय दाबायला सांगेल. तुम्ही शक्य तितकी खराब गल्ली मागा. तीस-चाळीसच्या वेगानं खरखरीत पट्ट्यांवरून जा, खिडक्या बंद, एसी बंद, आणि डॅशबोर्ड ऐका. मोकळ्या जागी पूर्ण स्टिअरिंग वळवून हलका ॲक्सिलरेटर द्या, आतलं चाक काय म्हणतं ते पायाला कळतं. नंतर मोड बदलून शॉकअप मऊ करा आणि तीच गल्ली पुन्हा. शक्य असेल तर पॅकेज असलेली आणि नसलेली, दोन्ही गाड्या एकाच दुपारी चालवा. मध्ये आठवडा गेला की आठवण फसवते. आणि दुपारीच चालवा. सकाळी आठला सगळ्याच गाड्या छान पळतात.

मालक, तुमच्याकडं काय आहे?

२०१४ ची पोलो जीटी टीएसआय. १०५ पीएस, कसलं पॅकेज नाही. एक लाख दहा हजार चाललीय. टायर मात्र घेतो ते दुकानातले सगळ्यात भारी, आणि मापात पाप नाही: कंपनीनं दिलेल्या आकाराचेच. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या लोकांनी रस्ता भरलेला असतो. त्या एका रात्री तीही घरीच असते.